मैत्रिणीचं नाव कागदावर असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकट्या राहणाऱ्या बायकांविषयी वृत्तपत्रांत लिहून येतं ते बहुधा सुरक्षिततेबद्दल नाहीतर एकाकीपणाबद्दल. ख्रिस्ती समाजातल्या अविवाहित बायकांची अडचण जरा वेगळी आहे. वसईच्या धर्मग्रामांत (पॅरिशांत) ती दिसते, तशीच पुण्या-नगरच्या मंडळ्यांतही. या बायका बहुतेक वेळा एकाकी नसतात. रविवारची मिस्सा किंवा उपासना, भगिनी मंडळ, संडे स्कूल, संध्याकाळची जपमाळ, आळीतली माणसं आणि नोकरीच्या पहिल्या वर्षापासून टिकलेल्या दोन-चार मैत्रिणी असं त्यांचं भरलेलं आयुष्य असतं. अडतं ते दवाखान्याच्या काउंटरवर, बँकेत, सोसायटीच्या ऑफिसात आणि शेवटी कबरस्तानात. तिथे पहिला प्रश्न येतो, "तुम्ही यांच्या कोण?" रोज सकाळी फोन करणारी, औषधांच्या वेळा ठाऊक असलेली, घराची किल्ली जवळ असलेली बाई "मैत्रीण" म्हणते आणि तिला बाजूला बसायला सांगतात. मग गावाहून पुतण्या येईपर्यंत सगळं थांबतं.

हे टाळता येतं, आणि बरंचसं साध्या कागदावर टाळता येतं. पण त्यासाठी आपल्याला कोणता कायदा लागू आहे हे माहीत हवं. शेजारच्या हिंदू मैत्रिणीने वकिलाकडून ऐकलेला सल्ला ख्रिस्ती बाईला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि नेमकी तिथेच चूक होते.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो (गोव्यातल्या भगिनींसाठी कायदा वेगळा आहे, त्यांनी तिथल्या नोटरीलाच विचारावं). अविवाहित, मूलबाळ नसलेली बाई मृत्युपत्र न करता वारली आणि तिचे वडील हयात असतील, तर सगळी मिळकत एकट्या वडिलांना जाते. आईला काहीही मिळत नाही. लेकीच्या पगारावर आई जगत असेल आणि वडील वेगळे राहत असतील, तरीही. वडील हयात नसतील तर आई, भाऊ आणि बहिणी यांना सारखे वाटे मिळतात; वारलेल्या भावाबहिणीचा वाटा त्यांच्या मुलांकडे जातो. मैत्रीण या यादीत कुठेच नाही. तीस वर्षं एका घरात राहिलेली असली तरी नाही.

म्हणून मृत्युपत्र. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. दोघांनीही बाईला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच असं तिने त्यांना सांगितलेलं असावं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली तर पुढे कागद हरवण्याची भीती राहत नाही आणि "ही सही तिची नाहीच" म्हणणं अवघड होतं, म्हणून नोंदणी करावी हे बरं.

आता ख्रिस्ती बाईने डोळ्यांत तेल घालून पाहायच्या दोन गोष्टी. या कायद्याचं कलम 67 सांगतं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने वा बायकोने, साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकतं पण त्या माणसाला दिलेली देणगी रद्द होते. हिंदू मृत्युपत्रांना हे कलम लागू नाही, त्यामुळे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आणि एकट्या बाईच्या घरी साक्षीदार म्हणून सगळ्यांत आधी कोण हाताशी असतं? जिच्या नावे घर करायचं आहे तीच मैत्रीण, किंवा तिचे यजमान. तिला साक्षीदार करू नका. ऑफिसातले दोघे, फॅमिली डॉक्टर, पॅरिश कौन्सिलचे सभासद, वयाने आपल्यापेक्षा लहान आणि गावात राहणारे असे घ्या.

दुसरं कलम 69. मृत्युपत्र केल्यानंतर ख्रिस्ती बाईने लग्न केलं तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. पन्नाशीत, निवृत्तीनंतर लग्न करणाऱ्या बायका आहेत आणि त्यांचं मनापासून अभिनंदन, पण लग्नानंतर नवं मृत्युपत्र करायचं राहून जातं. आई किंवा मैत्रिणीसाठी केलेली सोय त्या दिवशी पुसली गेलेली असते आणि कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

दोन जुने समजही अजून फिरतात. चर्चला किंवा धर्मादाय संस्थेला काही ठेवायचं तर मरणाआधी बारा महिने मृत्युपत्र करावं लागतं, असं जाणकार म्हणवणारेही सांगतात. पुतणे-भाचे असलेल्या माणसावर हे बंधन घालणारं कलम 118 सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली घटनाबाह्य ठरवलं. तसंच ख्रिस्ती मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यावंच लागतं, हेही 2002 च्या दुरुस्तीनंतर खरं राहिलेलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी अडून बसले तर ही दुरुस्ती दाखवावी.

वसई पट्ट्यात याहून नाजूक एक गोष्ट घडते. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करताना भाऊ म्हणतात, "तू तर इथेच राहणार आहेस, तुला वेगळा वाटा कशाला?" आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. भाऊ शब्दाचा पक्का असतो, राहूही देतो. पुढे भाऊ जातो, वाडी पुतण्यांच्या नावावर येते, बिल्डर येतो, आणि सत्तरीच्या आत्याला त्या घरात राहण्याचा कोणताही लेखी हक्क नसतो. ख्रिस्ती कायद्यात मुलगी आणि मुलगा यांचे वाटे सारखे आहेत: आई हयात असेल तर एक तृतीयांश तिचं, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींत समान. केरळात यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, 1986 साली निकाल लागला. आपल्याकडे कायदा आधीपासूनच बाजूने आहे आणि आपण तो सहीने सोडून देतो. हक्क सोडायचाच असेल तर त्याच नोंदणीकृत दस्तात लिहून घ्यावं की अमुक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि विहिरीचं पाणी हयातभर वापरण्याचा अधिकार बहिणीचा राहील आणि पुढे घर विकलं गेलं तरी विकत घेणाऱ्यावर तो बंधनकारक असेल. ज्या भावाच्या मनात खोट नाही तो याला हरकत घेणार नाही. भावावर अविश्वास दाखवणं म्हणजे श्रद्धेत कमी पडणं, असं काही बायकांना वाटतं. तसं काही शास्त्रात नाही.

भाड्याच्या घराचं थोडक्यात. दोघी मैत्रिणी एकत्र राहत असतील तर लीव्ह अँड लायसन्सच्या करारात दोघींची नावं लायसन्सी म्हणून घाला. एकीचंच नाव असेल तर ती आजारी पडून गावी गेल्यावर दुसरीला त्या घरात राहण्याचा आधार उरत नाही. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही.

घर दोघींनी मिळून विकत घेतलं तर प्रश्न वेगळा. फक्त बायकांच्या नावे निवासी घर घेताना राज्यात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, आणि ती दोन मैत्रिणींनाही मिळते. खरेदीखतात प्रत्येकीचा हिस्सा टक्क्यांत लिहा, ज्या खात्यांतून पैसे गेले त्यांची स्टेटमेंट्स जपून ठेवा. एक वारली की तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे मागे राहिलेली बाई ध्यानीमनी नसताना मैत्रिणीच्या भावाबरोबर भागीदार होते, आणि त्याने वाटणी मागितली तर घर विकायची पाळी येते. यावर चांगला तोडगा असा की प्रत्येकीने मृत्युपत्रात लिहावं: माझा हिस्सा मैत्रिणीने हयातभर वापरावा, आणि तिच्यामागे तो माझ्या भाचीला किंवा पुतण्याला जावा. याने घरच्यांचंही मन दुखावत नाही, मैत्रिणीचं छप्परही राहतं. दोघींची मृत्युपत्रं एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या कागदांवर करावीत.

नॉमिनेशनबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे हातात घेऊन कायदेशीर वारसांना पोचवणारा माणूस. म्हणून मैत्रीण नॉमिनी आणि मृत्युपत्र नाही, अशी स्थिती असेल तर भाऊ तिच्याकडून पैसे मागू शकतो आणि ते त्याचेच असतात. दोन्ही कागदांवर एकच नाव हवं. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतल्या ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. लॉकरला मात्र एकामागून एक असाच क्रम चालतो. भविष्य निर्वाह निधीचे नियम निराळे आहेत. तिथे बाईचं कुटुंब म्हणजे नवरा, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. भाऊ-बहीण त्यात मोडत नाहीत. आईवडील अवलंबून असेपर्यंत नाव त्यांचंच लागतं, त्यांच्यामागे कुणाचंही देता येतं. प्रत्यक्षात काय होतं? पंचविसाव्या वर्षी फॉर्मवर लिहिलेलं वडिलांचं नाव निवृत्तीपर्यंत तसंच राहतं आणि वडील जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. दरवर्षी इस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात, राखेच्या बुधवारनंतर, सगळी नॉमिनेशन्स एकदा पाहून घेण्याचा नेम ठेवावा. त्या दिवसांत मरणाचं स्मरण आपण तसंही करतोच.

आता आजारपण. मुखत्यारपत्र करून ठेवलं की काम झालं असं अनेकींना वाटतं. साधं मुखत्यारपत्र बाई शुद्धीवर आणि भानावर असेपर्यंतच चालतं. ती कोमात गेली किंवा विस्मरणाने स्वतःचा व्यवहार कळेनासा झाला की कायद्याने ते संपतं. नेमकं हवं तेव्हाच ते उपयोगी पडत नाही. त्यामुळे एक बचत खातं विश्वासू मैत्रिणीबरोबर "आयदर ऑर सर्व्हायवर" पद्धतीने, म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटी पैसे काढू शकेल असं, उघडावं आणि त्यात दवाखान्याचं डिपॉझिट व तीन-चार महिन्यांचा घरखर्च निघेल एवढेच पैसे ठेवावेत. सगळी पुंजी त्यात ठेवू नये, कारण तिच्या घरच्या अडचणीत त्या पैशांवर ताण यावा असं आपल्यालाही वाटत नाही. हे पैसे कशासाठी आहेत ते दोघींच्या सहीने लिहून ठेवलं की पुढे तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

मैत्रिणीला पूर्ण मान देणारा एक कायदा मात्र आहे: 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याखाली कोणतीही प्रौढ व्यक्ती मानसिक आजाराच्या उपचारांत आपला प्रतिनिधी म्हणून नेमता येते. साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो, रक्ताचं नातं लागत नाही. नैराश्य, विस्मरण असे आजार वाढत असताना हा अर्ध्या पानाचा कागद प्रत्येकीने करायला हवा, आणि करणाऱ्या फारच थोड्या.

शेवटच्या आजारातल्या उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्यता दिली आणि 2023 साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं. ती एकाहून जास्त देता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. काथलिक भगिनींना इथे शंका येते की हे पाप तर नाही? चर्चची शिकवण स्पष्ट आहे. सुखमरण मान्य नाही. पण ज्या उपचारांतून काही साधणार नाही, फक्त ओझं वाढणार आहे, ते नाकारण्यात पाप नाही. मनात किंतु असेल तर सही करण्याआधी फादरांशी बोलून घ्यावं.

या कागदांमागची मैत्री मात्र रोजच्या वागण्यातूनच उभी राहते, आणि तिलाही शिस्त लागते. सकाळी आठपर्यंत एकमेकींना निरोप. साडेआठपर्यंत आला नाही तर फोन. फोन उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजारणीने दार उघडायचं. कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर "झोपली असेल" म्हणत दुपार होते. दवाखान्यात रात्री थांबायची पाळी आली तर एकीने सलग दोन रात्रींपेक्षा जास्त थांबू नये. तिसऱ्या रात्री ती स्वतः आजारी पडते आणि पुढच्या वेळी बोलवायला संकोच वाटतो. चार-पाच जणींची यादी, प्रत्येकीचा वार, सकाळचा चहा-नाश्ता कोण आणणार, इतकं लिहावं.

आणखी एक गोष्ट वय वाढल्यावरच उमगते: मैत्रिणीही आपल्याबरोबरच म्हाताऱ्या होतात. साठीतल्या पाचजणींचा गट पंचाहत्तरीत एकमेकींना उचलू शकत नाही. वसईतली तरुण मंडळी कॅनडाला, आखातात निघून चालली आहेत, तेव्हा भाच्यांवर विसंबणंही अवघड. गटात पंधरा-वीस वर्षांनी लहान निदान दोघी असाव्यात. संडे स्कूलला शिकवताना, गायकवृंदात, नाताळचा फराळ करताना ही ओळख होते. चार घरच्या करंज्या-शंकरपाळ्या एकाच घरी बसून करण्यात जी मैत्री जमते ती व्हॉट्सअ‍ॅप गटावर जमत नाही. मैत्रीण ख्रिस्तीच हवी असंही नाही. जपमाळ तिला येत नसेल, पण फादरांना कधी बोलवायचं हे तिला सांगून ठेवता येतं, आणि तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, हा फक्त मरणाऱ्यांसाठी असतो हा गैरसमज तिचाच काय, आपल्यातल्या पुष्कळांचाही काढायला हवा. मोठ्या ऑपरेशनच्या आधीही तो घेता येतो.

चर्चकडून काय हवं तेही स्पष्ट लिहिते. पॅरिशच्या नोंदीत अविवाहित बाई वडिलांच्या आणि पुढे भावाच्या फॅमिली कार्डावर राहते. चाळीस वर्षांची नोकरी आणि स्वतःचं घर असूनही. तिला मागितल्यावर नव्हे, न मागता वेगळं कार्ड मिळावं आणि त्यावर "तातडीच्या वेळी कोणाला कळवावं" असा रकाना असावा, ज्यात मैत्रिणीचं नाव चालेल. जोडप्यांचे मेळावे जरूर व्हावेत, पण फुलं, वेदीची वस्त्रं आणि झाडलोट यांसाठी "तुला काय, वेळच वेळ आहे" म्हणून हिच्याकडेच पाहू नये. वयस्क आईवडिलांची सेवा बहुतेक घरांत हीच करत असते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अविवाहित राहण्याला देवाचं दान म्हटलं आहे, आणि प्रवचनांत तो अध्याय लग्नाच्या उपदेशापुरताच येतो याचं वाईट वाटतं. 1827 साली मुंबईत आलेल्या आणि 1862 साली नगरला वारलेल्या अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांनी उभं आयुष्य अविवाहित राहून मुलींच्या शाळा चालवल्या. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईला प्रभूने शिष्याच्या हाती सोपवलं आणि त्याने तिला आपल्या घरी नेलं, हे योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आपण दर गुड फ्रायडेला ऐकतो. रक्तापलीकडचं नातं शब्दाने जोडता येतं, याला याहून मोठा आधार कोणता हवा?

राहिलं कबरस्तान. अंत्यविधीच्या इच्छा मृत्युपत्रात लिहू नका, ते दफनानंतरच उघडलं जातं. वेगळ्या कागदावर लिहा: कुठल्या चर्चमध्ये, कोणती गीतं, कोणाला कळवायचं, खर्चाचे पैसे कुठे आहेत, सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा कोण सांगणार. एक प्रत मैत्रिणीकडे, एक पॅरिशच्या ऑफिसात. घरची कायमची कबर असेल तर ती कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यात अविवाहित मुलीला जागा आहे का, हे भाऊ हयात असतानाच लेखी विचारून घ्या. वहिनी किंवा पुतण्यांपर्यंत गोष्ट गेली की त्या दु:खाच्या दिवशी वाद होतो. मुंबईत बऱ्याच ठिकाणी तात्पुरती कबर काही वर्षांनी उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्या वेळी पॅरिश कुणाला बोलावणार, ते नावही कागदावर हवं. बायबलमधल्या रूथने आपल्या सासूला, नामीला, सांगितलं होतं की तुला जिथे मूठमाती तिथेच मलाही. दोन मैत्रिणींनी शेजारचे कोनाडे मागितले तर कबरस्तान समितीने ते द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मृतांच्या स्मरणाचा दिवस 2 नोव्हेंबरला येतो. त्याआधी ऑक्टोबरच्या दोन रविवारी प्रत्येक धर्मग्रामाने आणि मंडळीने आपल्यातला एखादा वकील, एक बँकेतला माणूस आणि एक डॉक्टर हॉलमध्ये बसवावेत. येताना आधार कार्ड, पासबुक, पीएफचा खाते क्रमांक (यूएएन), शेअर सर्टिफिकेट किंवा घराचा दस्त, सातबारा, विमा पॉलिसी आणि विश्वासातल्या दोघींचे फोन नंबर आणायला सांगावं. सत्तरी ओलांडलेल्या भगिनींची पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठीची आयुष्मान कार्डंही त्याच टेबलावर काढून द्यावीत. त्यांना उत्पन्नाची अट नाही. साक्षीदार म्हणून बसायला मात्र बाहेरचे चौघे-पाचजण आधीच ठरवून ठेवावेत, म्हणजे घाईत मैत्रिणीची सही होणार नाही.

आपली,
महिला गटात काम करणारी एक वाचक
वसई, जि. पालघर